सायाळीच्या परसातली पात

एका जंगलाच्या अगदी कडेला, करवंदीच्या जाळ्या संपून मोकळा उतार सुरू होतो तिथे, एक सायाळ एकटीच राहत असे. घाबरू नका, या गोष्टीत वाघ नाही. बिबट्याही नाही. तरीसुद्धा ही सायाळ सदा घाबरलेलीच असायची. सागाचं वाळकं पान टपकन पडलं, की तिच्या पाठीवरचे सगळे काटे ताठ उभे! दूर कुठे सुतारपक्ष्याने टकटक केली, की पुन्हा उभे! एकदा तर स्वतःच्याच पोटातल्या गुरगुरीला दचकून ती बिळात जाऊन बसली होती. काटे उभे राहिले की त्यांचा खुळखुळ असा आवाज होई, आणि त्या आवाजाने ती आणखीच दचके. आता याला काय करणार?

मुलांनो, ज्याच्या अंगावर काटे असतात त्याला सगळे भांडखोर समजतात. सायाळ भांडखोर मुळीच नव्हती. उलट तिला गप्पा फार आवडायच्या. आज कुठल्या झाडाला बहर आला, कुठला ओढा आटला, कोणाचं कोणाशी बिनसलं, सगळं तिला ऐकायचं असे. पण गप्पांना दोघं लागतात, आणि दुसरा जरा जवळ बसावा लागतो.

त्या जंगलातले प्राणी संध्याकाळी डबक्यावर पाणी प्यायला जमत. एकदा सायाळही तिथे सगळ्यांच्या मध्ये उभी होती. तेवढ्यात अस्वल शिंकलं. अस्वलाची शिंक म्हणजे काय साधी असते? काठावरच्या बेडकांनी पाण्यात उड्या टाकल्या. सायाळीचे काटे फर्रकन उभे राहिले आणि शेजारी पाणी पीत असलेल्या सशाच्या कानात एक काटा घुसला.

"आई गं!" ससा ओरडला.

"रडतोस काय लेका? फुकटात कान टोचून मिळाला," अस्वल म्हणालं. "आता त्यात छानसा डूल घाल!"

सगळे खो खो हसले. काटा निघाल्यावर ससाही हसला. सायाळीला मात्र ते हसणं निराळंच ऐकू आलं. आपण गेलो की हे सगळे सुटकेचा निःश्वास टाकणार, असं तिच्या मनाने घेतलं. दुसऱ्या दिवसापासून ती सगळे परतल्यावरच डबक्यावर जाऊ लागली. पाणी तेच होतं. पण त्यात आता तिचं एकटीचंच तोंड दिसे.

तिच्याजवळ निर्धास्त बसणारं जंगलात एकच होतं. ती म्हणजे कासवआजी. डबक्याच्या चिखलात राहणारी, म्हातारी, हळूहळू बोलणारी. "माझ्या पाठीला काही होत नाही गं पोरी," आजी म्हणायची. "काढ तुझे काटे, घाल तुझे काटे. मी आपली इथे बसलेय." मग दोघी बोलत बसत. बोलायचं काही नसलं, तर नुसत्याच बसत.

पण त्या वर्षी डबकं फारच आटलं. पाणी थोडं आणि चिखल जास्त. म्हाताऱ्या कासवाला त्यात निभेना. आजीने ठरवलं, की उतार उतरून पलीकडच्या नदीवर राहायला जायचं. कासवाच्या चालीने गेलं तर ती वाट केवढी लांब, तुम्हीच विचार करा. परत येणं काही शक्य नव्हतं.

निघताना आजीने तोंडात एक हिरवा झुबका धरून आणला आणि सायाळीच्या बिळापाशी ठेवला. बारीक, गोल, आतून पोकळ अशी पात होती ती. तुमच्या घरी कांद्याची पात येते ना, तिची धाकटी बहीण शोभावी अशी. फक्त हिला खाली कांदा धरत नाही. नुसती पातच चिरायची, खायची, की वास बोटांना कितीतरी वेळ राहतो.

"ही माझ्या आळ्यातली," आजी म्हणाली. "परसात उन्हाची जागा बघून लाव. बोट मातीत खुपसून बघायचं. कोरडं लागलं तरच पाणी, ओलं लागलं तर नाही. वाढली की कापायची, बुडाशी दोन बोटं ठेवून. कापली की ती परत येते. आणि गड्डा दाटला, की उपटून, फोडून, शेजारी द्यायचा. आपल्याकडची रीत ठाऊक आहे ना?"

सायाळीने मान हलवली. रीत त्या जंगलात सगळ्यांनाच ठाऊक होती. परसात पात लावली, की पहिली जुडी शेजारी जायची आणि दुसरी आपल्या घरी. पहिली जुडी स्वतःच खाल्ली तर पात रुसते, असं म्हणत.

"पण आजी, मला शेजारी आहे कुठे?" सायाळ म्हणाली. "तू होतीस, तर तू चाललीस."

आजीने मान कवचातून आणखी थोडी बाहेर काढली, तिच्याकडे बघितलं, आणि म्हणाली, "असेल गं. नीट बघ." आणि ती चालू लागली. सायाळ उतारावर उभी राहून बघत राहिली. कासव जाताना लवकर दिसेनासंही होत नाही, हे एक वाईट असतं.

सायाळीने परसात आळं केलं. माती नखांनी भुसभुशीत केली, वाळलेला पालापाचोळा कुजवून घातला आणि झुबका मधोमध लावला. पात जगली. नुसती जगली नाही, तर चांगली तरारली. सायाळ सकाळी बाहेर आली की आधी तिच्यापाशी जाई. "झोप झाली का?" असं विचारे. हराळीचा एखादा कोंब दिसला तर उपटून टाकी. पातीकडे बघून तिला मोठी गंमत वाटे. ही पण माझ्यासारखीच, अंगभर काटे उभे! पण वारा आला की हे काटे लवत, कोणाला टोचत नसत. सायाळ हळूच तिच्यावर गाल टेकवून बसे.

पुढे पातीला जांभळट गोंडे आले. मधमाश्या आल्या. पात कापण्याजोगी केव्हाच झाली होती. सायाळ एकदा तोंड खाली घेऊन गेलीसुद्धा, दात पातीला लागले, आणि ती थबकली. 'कापताना हिला दुखलं तर? कापली आणि परत आलीच नाही तर? आजीने दिलेली एवढी एकच वस्तू माझ्यापाशी आहे.' ती मागे सरकली. उद्या कापू, असं म्हणाली. ते उद्या काही आलं नाही. गड्डा दाटत गेला. एकाच्या अंगावर एक अशा पाती, की बोट घालायला जागा नाही. सायाळीला वाटे, बघा, कशी छान भरली आहे!

एके दिवशी सकाळीच परसाच्या कडेला गवत हललं. सायाळीचे काटे उभे राहिले. गवतातून एक लावी बाहेर आली. लावी म्हणजे गवतात घरटं करणारी, चेंडूसारखी गोल पक्षीण. ही लावी थोड्याच अंतरावर राहायची. ती काट्यांकडे बघून जरा थांबली, मग अगदी बसक्या, घोगऱ्या आवाजात म्हणाली, "सायाळताई, रागावू नका. चार काड्या पात मिळेल का? घसा पार बसलाय माझा. पिल्लं गवतात पांगली की मी हाक मारून गोळा करते. आता हाकच फुटत नाही. पात चघळली की घसा मोकळा होतो, असं आमची सासू म्हणायची."

सायाळीच्या तोंडावर 'घ्या की' आलं होतं. खरंच आलं होतं. पण तिने पातीकडे बघितलं आणि ती पातीपुढे आडवी झाली.

"अजून... अजून लहान आहे हो ती," सायाळ म्हणाली.

लावीने पातीकडे बघितलं. पात लावीच्या दुप्पट उंच होती.

"लहान?" लावी म्हणाली.

"म्हणजे तशी नाही. पण कापली तर दुखेल ना तिला."

"बरं." लावीने पंख मिटले. "माझा घसा दुखतो, तुमची पात दुखते. ज्याचं त्याचं दुखणं." आणि ती गवतात शिरली.

त्यानंतर सायाळ रोज ऐकू लागली. आधी लावीची हाक वाऱ्याबरोबर यायची. ती आता येत नव्हती. त्याऐवजी लावी पायाने जमीन बडवत गवतातून इकडून तिकडे पळत असे, आणि पिल्लांची चिवचिव कधी या बाजूला, कधी त्या बाजूला, भरकटलेली ऐकू येई. एकदा एक पिल्लू संध्याकाळपर्यंत सापडलं नाही. मग सापडलं. पण तोवर सायाळीच्या जिवाचं पाणी पाणी झालं. आपण जाऊन दोन काड्या देऊन याव्यात, असं तिला दर वेळी वाटे. आणि दर वेळी वाटे, 'आता गेले तर ती म्हणेल, आता का आलात?' म्हणून ती जात नसे. मग हे असं जीव खाणारं काही मनात आलं, की ती काय करी? पातीला पाणी घाली.

कवठाची अर्धी करवंटी तोंडात धरून ती डबक्यावर जाई, भरून आणी आणि आळ्यात ओती. लावीची आठवण आली, की एक करवंटी. आजीची आठवण आली, की एक. डबक्यावरून हसण्याचा आवाज आला, की दोन. बोट खुपसून बघायचं ती विसरूनच गेली. तिला वाटे, आपण काळजी घेतोय. काळजीच होती ती, पण पातीला पाणी लागतं तेवढंच हवं होतं.

आणि एका सकाळी तिला पातीची टोकं पिवळी दिसली. तिने घाईघाईने आणखी पाणी घातलं. पिवळेपणा खाली उतरला. मधल्या पाती मऊ पडून एकमेकींवर लोळू लागल्या. तिने गाल टेकवला, तर कुजकट वास आला.

सायाळ दचकली नाही. तिचे काटेही उभे राहिले नाहीत. ती नुसती खाली बसली. खरं भय असंच असतं, ते खुळखुळत येत नाही.

गड्डा उपटून फोडायला हवा, हे तिला कळत होतं. आजीने सांगितलं होतं. तिने बुडाशी नखं घातली, ओढलं, मुळाचा एक तंतू कट् करून तुटला आणि तिने पंजे मागे घेतले. पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा मागे घेतले. एकटीने होणारं काम नव्हतं ते.

त्या संध्याकाळी ती सगळे परतायची वाट न बघता डबक्यावर निघाली. वाटेत ती दोनदा मागे फिरली. एकदा तर पार बिळापर्यंत परत आली होती. पण बिळाच्या तोंडाशी ती पिवळी पात दिसली, आणि ती पुन्हा निघाली.

डबक्यावर अस्वल होतं, ससा होता, लावी पिल्लांना घेऊन कडेला होती. सायाळीला बघून सगळे गप्प झाले. त्या गप्प होण्यानेच तिचे काटे उभे राहिले. खुळखुळ, खुळखुळ.

सशाने दोन्ही कान पंज्यांनी घट्ट धरले. "एक टोचून झालाय ताई," तो म्हणाला, "दुसरा राहू दे."

"गप रे!" अस्वल म्हणालं. "काय झालं सायाळबाई? आज उजेडात दर्शन? आम्हाला वाटलं, तुम्ही आमच्यावर रुसलात."

"मी?" सायाळ म्हणाली. "मी रुसले? मला वाटलं, तुम्ही सगळे..." मग एकदम म्हणाली, "माझी पात मरतेय हो. मला एकटीला ती फोडता येत नाही."

मग पलीकडून घोगरा आवाज आला. "आज दुखणार नाही का तिला?" लावी म्हणाली.

सायाळीने मान खाली घातली. "दुखेल," ती म्हणाली. "तुमचाही घसा दुखत होता. मी दिली नाही. मी घाबरले."

लावीने तोंड फिरवलं. ती काही लगेच विरघळली नाही. का विरघळावी? पण अस्वल उठलं, अंग झाडलं आणि म्हणालं, "चला. माझी नखं वारुळं फोडतात, एक गड्डा नाही का फुटणार? मी येताना शिंकणार नाही, असा शब्द देतो. आलीच तर आधी सांगेन."

सगळे सायाळीच्या परसात आले. लावीसुद्धा आली, पण मागे मागे. अस्वलाने आळ्याभोवतीची माती उकरली आणि गड्डा अलगद वर काढला. मधोमध तो काळा पडून कुजला होता. कडेच्या मुळ्या मात्र पांढऱ्याशुभ्र होत्या.

"बघा," अस्वल म्हणालं. "मधल्यांना श्वासच मिळाला नाही. दाटी झाली, वर पाणी. कडेकडेची जगलीत." त्याने कुजलेला भाग फेकून दिला आणि कडेचे मूठभर मूठभर झुबके सोडवून ओळीने ठेवले. "आता पात कापायची. बुडाशी दोन बोटं ठेवून. हे काम मी करणार नाही. ज्याची पात, त्याचे दात."

सायाळ पुढे झाली. तिने डोळे मिटले. कुर्रर्र आवाज झाला. डोळे उघडले, तर पात कापलेली होती आणि जग जागेवर होतं. पात ओरडली नव्हती. नुसता हिरवा, झणझणीत वास सगळ्या परसात पसरला होता. पिवळी पात बाजूला काढून तिने उरलेल्या हिरव्या काड्यांची एक छोटीशी जुडी केली, ती तोंडात धरली आणि सगळ्यांच्या मधून चालत लावीपाशी गेली. काटे उभेच होते, पण चालली.

"पहिली जुडी," ती म्हणाली. "उशीर झाला."

लावीने जुडीकडे बघितलं, मग सायाळीकडे. "झाला खरा," ती म्हणाली. पण तिने जुडी घेतली.

अस्वलाने एक झुबका नेला, सशाने एक नेला, लावीनेही मुळाचा एक झुबका नेला. सायाळीसाठी सगळ्यांत छोटा झुबका उरला. तोच तिने मागून घेतला होता. सगळे आपापल्या वाटेने गेले, आणि परस पुन्हा शांत झाला.

आता इथे गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं, नाही का? पण संपत नाही. आळ्यात परत लावलेल्या झुबक्याचे दोन दोन बोटांचे खुंट तेवढे दिसत होते. सायाळ त्यांच्यापाशी बसून राही. माती बोटाने बघे, कोरडी लागली तरच पाणी घाली. खुंटांतून हिरवी टोकं वर यायला लागली. पण वाटेने मात्र कोणी येईना. अस्वल नाही, ससा नाही. लावीही नाही. सायाळीच्या मनाने पुन्हा घेतलं, 'झालं. त्यांना पात हवी होती. पात मिळाली. आता कशाला येतील?' आणि ती पुन्हा सगळे परतल्यावर डबक्यावर जाऊ लागली. सवय मोडायला वेळ लागतो, जडायला लागत नाही.

पुढचा भाग सांगायला मला नको वाटतं, म्हणून लवकर सांगून टाकते. एक रानडुक्कर आलं. सायाळ बिळात होती. बाहेर फुर्रफुर्र असा आवाज झाला, माती उडाली, आणि ती काटे उभारून, डोळे मिटून, आत आत सरकत बसली. आवाज थांबल्यावर बऱ्याच वेळाने ती बाहेर आली. आळ्याच्या जागी खड्डा होता. खुंट नाहीत, मुळं नाहीत. आजीच्या पातीतलं एक पानसुद्धा उरलं नव्हतं.

सायाळीने कोणाला काही सांगितलं नाही. कोणाला सांगणार? आणि काय सांगणार? तुम्ही नेलेली पात तुमच्यापाशी आहे, माझी नाही, असं? ते मागायला आल्यासारखं वाटलं असतं. तिने खड्डा बुजवलासुद्धा नाही. ती बिळात शिरली, तोंड आतल्या बाजूला करून पडून राहिली. डबक्यावरही जाईना. वाळकं पान पडलं, तरी तिचे काटे आता अर्धेच उभे राहत. दचकायलाही थोडी आशा लागते.

आणि मग एका सकाळी तिला हाक ऐकू आली.

लांबून, खालच्या वळणापासून. स्वच्छ, खणखणीत, गवतावरून घरंगळत आल्यासारखी. सायाळीने कान टवकारले. तो आवाज ती ओळखत होती, पण कितीतरी काळ तिने तो ऐकला नव्हता.

"सायाळताई! आम्ही येतोय हो! अजून वळणावर आहोत! दचकू नका!"

थोड्या वेळाने पुन्हा, जरा जवळून, "आता करवंदीपाशी आलो! अस्वलमामा पालापाचोळा तुडवतायत, तो आवाज त्यांचा आहे! दुसरं कोणी नाही!"

"आणि मला शिंक आलेली नाही!" मागून अस्वल ओरडलं.

सायाळ बाहेर आली. समोरून लावी येत होती, चोचीत पातीच्या चार काड्या आडव्या धरायच्या, त्या खाली ठेवून हाक मारायची, पुन्हा उचलायच्या, असं करत करत. मागून अस्वल, पंज्यात हिरवी जुडी. शेवटी ससा. त्याच्याही तोंडात जुडी, आणि दोन्ही कान पाठीवर चपटे बसवलेले.

"कापणीला आली आमची," लावी म्हणाली. "आजच कापली."

"माझीही आजच," अस्वल म्हणालं. "तोवर हात हलवत कसं यायचं? हिला म्हटलं, थांब, एकदमच जाऊ."

सायाळीला समजेना. तिने तिन्ही जुड्यांकडे बघितलं. "मग इकडे का आणलीत?"

तिघांनी एकमेकांकडे बघितलं.

"का म्हणजे?" ससा जुडी खाली ठेवून म्हणाला. "पहिली जुडी कुठे जाते ताई? रीत विसरलात?"

पहिली जुडी शेजारी जाते. सायाळ काही विसरली नव्हती. फक्त ती स्वतः कोणाची शेजारीण असू शकते, हे तिच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. एकाची नाही, दोघांची नाही, तिघांची. तिच्या डोळ्यांना धारा लागल्या. आणि रडता रडता हुंदका इतक्या जोरात आला, की ती स्वतःच्याच हुंदक्याला दचकली. फर्रकन सगळे काटे उभे राहिले.

सशाने कान धरले. अस्वलाने पोट आत घेतलं. पण मुलांनो, मागे कोणीही सरकलं नाही.

मग लावीची नजर त्या खड्ड्याकडे गेली. "हे काय?" ती म्हणाली. सायाळीने सांगितलं, अडखळत, रानडुकराचं सगळं.

"आणि तुम्ही गप्प बसलात?" लावी रागावली. चांगलीच रागावली. "अहो, आमच्याकडे आहे ती कोणाची पात आहे? तुमचीच ना? घसा माझा बसला होता, तुमच्या घशाला काय झालं होतं?"

त्याच दिवशी तिघांनी आपापल्या गड्ड्यातला एकेक झुबका आणला. खड्डा बुजवून अस्वलाने नवं आळं केलं, सशाने भोवती करवंदीच्या काट्यांचं कुंपण घातलं. "काट्यांची मला आता सवय झाली आहे," असं म्हणत. आजीची पात तीन वाटांनी फिरून परत आपल्या जागी आली. पुढे गड्डा दाटला, तेव्हा सायाळीने कोणी न सांगता तो फोडला आणि एक झुबका नदीकडे मधाच्या शोधात निघालेल्या अस्वलाबरोबर कासवआजीला पाठवला.

सायाळ नंतरही दचकतच असे, बरं का. तो स्वभाव होता तिचा, तो काही गेला नाही. अजूनही वाळकं पान पडलं की तिचे काटे उभे राहतात. पण आता तिच्या परसाकडे येणारा प्रत्येक जण खालच्या वळणावरूनच खाकरतो, आणि सायाळ आतून ओरडते, "ऐकलं हो! या!"

तात्पर्य : दाटीवाटीने एकट्यापाशी धरून ठेवलेलं आतून कुजतं, आणि शेजारी वाटलेलं आपल्या पडत्या काळात परत उगवून येतं, म्हणून मला शेजारी कोण, असं म्हणत बसण्यापेक्षा आपण आधी कोणाचे तरी शेजारी व्हावं.